स्पर्धेची गाडी : विद्यार्थी-प्रकल्पाच्या आखणीचा एक पाठ

इतिहास शिकविणाऱ्याने यंत्राविषयी लिहावे, हे स्मरणिकेच्या वाचकांस थोडे विचित्र वाटेल; म्हणून त्याचे कारण आधी सांगतो. आपल्या वसतिगृहातून दहावी होऊन तंत्रनिकेतनात व अभियांत्रिकी महाविद्यालयांत गेलेले माजी विद्यार्थी सुटीत शाळेत येतात. गेल्या काही वर्षांपासून त्यांच्या बोलण्यात 'बाहा' हा शब्द वारंवार येऊ लागला आहे. त्यांच्या पालकांपर्यंतही तो पोहोचला, पण वेगळ्या वाटेने. रिसोड तालुक्यातील एका मातेने पालकसभेनंतर आम्हांस थांबवून विचारले, "सर, पोरगं म्हणते कालेजात गाडी बनवून राहिलो, पैसे पाठव. हे खरं हाय का?" त्या दिवशी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. मग विद्यार्थ्यांकडून नियमपुस्तिका मागविल्या, त्या वाचल्या, जे समजले नाही ते त्यांनाच विचारले. प्रस्तुत लेख हे त्या माउलीला दिलेले उशिराचे उत्तर आहे. आणि जे विद्यार्थी अशा प्रकल्पात उतरू पाहतात त्यांच्यासाठी आखणीचा एक पाठही आहे.

होय, ते खरे आहे. विद्यार्थ्यांनी संघ करून वाहन रचायचे, स्वतः जोडायचे आणि तज्ज्ञांसमोर तपासून घेऊन चालवायचे, अशा स्पर्धा जगभर होतात. त्यांतली एक तर बर्फावर चालणाऱ्या गाडीची आहे. एका माजी विद्यार्थ्याने तिचे चलच्चित्र आम्हांस मोबाईलवर दाखविले. पुढे घसरपट्ट्या, मागे रबरी पट्टा आणि वर मोटारसायकलसारखी बैठक, अशी ती स्नोमोबाईल. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात या गाड्यांच्या धुराने व गोंगाटाने मोठा वाद उभा राहिला होता. त्यातूनच २००० साली विद्यार्थ्यांसाठी स्वच्छ स्नोमोबाईलची स्पर्धा सुरू झाली. बाजारातली गाडी घ्यायची आणि तिचा धूर व आवाज कमी करायचा, पण तिचा जोर मात्र घटू द्यायचा नाही, हा त्या स्पर्धेचा प्रश्न. पुढे विजेवर चालणाऱ्या गाड्यांचाही विभाग आला. ग्रीनलंडच्या हिमपठारावर हवेचे व बर्फाचे नमुने घेणाऱ्या संशोधकांना अशी गाडी हवी होती, कारण इंजिनाच्या काजळीने नमुनाच बिघडतो. स्पर्धेमागे कोणाची तरी खरी गरज असली की काम कसे नेमके होते, ते येथे दिसते.

आपल्या वाशीम जिल्ह्यात बर्फ पाहावयाचा तर रसवंतीच्या लाकडी पेटीत. परंतु चिखल, खडी, नाले आणि चढ यांची आपल्याला वाण नाही, आणि 'बाहा' ही नेमकी तसल्या वाटेवरच्या गाडीची स्पर्धा आहे. १९७६ साली अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठात ती सुरू झाली. भारतात ती २००७ पासून मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे होऊ लागली, आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे संघ तिच्यात मोठ्या संख्येने उतरत आले आहेत. गाडी एका माणसाची, चार चाकांची, वर लोखंडी नळ्यांचा पिंजरा असलेली. पेट्रोल विभागात सर्व संघांना इंजिन एकाच प्रकारचे, सुमारे १० अश्वशक्तीचे. म्हणजे श्रीमंत संघाला मोठे इंजिन विकत घेऊन जिंकता येत नाही. विजेच्या गाड्यांचा विभाग नंतर जोडला गेला. प्राथमिक फेरीत आराखडा मांडायचा. अंतिम फेरीत तांत्रिक तपासणी, रचना व खर्च यांची परीक्षा, वेग, चढ, वळणे यांच्या चाचण्या आणि शेवटी सलग चार तासांची दमसास पाहणारी शर्यत.

आखणी कुठून सुरू करावी? बहुतेक संघ गाडीच्या चित्रापासून सुरू करतात, ही आमच्या विद्यार्थ्यांनीच कबूल केलेली चूक. सुरुवात नियमपुस्तिकेपासून झाली पाहिजे. इतिहासाच्या अभ्यासकाला मूळ दस्तऐवज वाचल्याशिवाय बोलण्याचा अधिकार नसतो, तोच न्याय येथेही आहे. पिंजऱ्याच्या मुख्य नळ्या पोलादाच्या, २५ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या व ३ मिलिमीटर जाडीच्या, आणि त्या पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के, असा नियम आहे. समतुल्य बळकटी गणिताने सिद्ध केली तरच दुसरे माप चालते. चालकाने पाच सेकंदांत गाडीबाहेर पडता आले पाहिजे. ब्रेक दाबताच चारही चाके जागीच अडली पाहिजेत. हे नियम दरवर्षी थोडेथोडे बदलतात, म्हणून मागच्या तुकडीची पुस्तिका वापरू नये. संघातील प्रत्येकाने ती वाचावी आणि प्रत्येक कलमापुढे 'हे कोण पाहणार' ते नाव लिहावे. एका संघाने केवळ एका नळीची जाडी न मोजता माल उचलला आणि तपासणीच्या रांगेतूनच तो परत आला. वर्षभराचे काम, दोन तासांत संपले.

दुसरी पायरी गणिताची. नववी-दहावीच्या विज्ञानात जे शिकविले जाते तेवढ्यावर तिचा बराच भाग होतो, हे आम्हांस विशेष वाटले. समजा, गाडी व चालक मिळून वजन २५० किलो आहे आणि चढ ३० अंशांचा आहे. चढावर गाडीला मागे ओढणारे बल म्हणजे २५० गुणिले ९.८ गुणिले ०.५, म्हणजे १,२२५ न्यूटन. चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर धरली तर चाकाला फिरविण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो ३४३ न्यूटन-मीटर लागतो. इंजिन देते सुमारे १९. म्हणजे मधल्या गिअरने हा जोर अठरा पट वाढविला पाहिजे. घर्षणात जाणारा भाग धरला तर वीस पटीच्या पुढे. परंतु जोर वीस पट वाढविला की फेरे वीस पट घटतात. इंजिन मिनिटाला ३,६०० फेरे घेत असेल तर चाक घेईल १८०, आणि गाडी धावेल ताशी जेमतेम १९ किलोमीटर. सपाटीवर एवढ्यात कोणी मागे टाकून जाईल! तेथे सात पटीचे गुणोत्तर ठेवले तर वेग ताशी ५४ किलोमीटरपर्यंत जातो, पण मग चढ चढवत नाही. आपल्या शेतकरी पालकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. नांगरटीला ट्रॅक्टर कोणत्या गिअरमध्ये चालतो आणि सोयाबीन भरून कारंज्याच्या बाजारात जाताना कोणत्या, हे ते रोज पाहतात. म्हणूनच अशा गाडीत गुणोत्तर आपोआप बदलणारी पट्ट्याची रचना वा गिअरपेटी बसवितात.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते. गाडीचे वजन २५ किलोंनी कमी केले तर लागणारे बलही दहा टक्क्यांनी उतरते. कोणतेही इंजिन न बदलता. म्हणून अनुभवी संघ आराखड्याच्या पहिल्याच दिवशी प्रत्येक भागाला वजनाची मर्यादा वाटून देतो: पिंजऱ्याला एवढे, चाकांना एवढे, बैठकीला एवढे. नवखा संघ मात्र गाडी उभी झाल्यावर तिला काट्यावर नेतो आणि मग कपाळाला हात लावतो.

आता वेळेची आखणी. येथे आम्ही आमच्या विषयाकडे वळतो, कारण उदाहरण घरचेच आहे. आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात या शाखेचा राजा हरिषेण याच्या काळात अजिंठ्याच्या अनेक लेण्यांचे काम झाले. त्याचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे कोरविले, तेथील शिलालेखात त्याचा उल्लेख आहे. शैक्षणिक सहलीत आम्ही विद्यार्थ्यांना सतराव्या लेण्यातील चित्रांपाशी थांबवतो, पण त्याहून अधिक वेळ चोविसाव्या लेण्यात थांबवतो. ते अपूर्ण आहे. अर्धवट घडलेले खांब, न उतरलेला दगड, मध्येच थांबलेल्या छिन्नीच्या खुणा. पूर्ण झालेल्या लेण्यात कारागिराची कला दिसते. अपूर्ण लेण्यात त्याची आखणी दिसते. छत आधी, मग खाली खाली येत जमीन. असे कोरत गेले की छतासाठी परांची लागत नाही, उभा दगडच कारागिराच्या पायाखालची जमीन होतो. खांब कोठे येणार हे मात्र पहिला घाव घालण्यापूर्वीच ठरलेले हवे, कारण एकदा काढलेला दगड परत बसवता येत नाही. मग एवढे जाणकार लोक असताना काम अपुरे का राहिले? हरिषेणाच्या मृत्यूनंतर राज्य विस्कटले आणि आश्रय तुटला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. हात होते, विद्या होती, आराखडा होता, द्रव्य थांबले.

विद्यार्थ्यांच्या गाडीला हे दोन्ही धडे लागू पडतात. काय आधी ठरले पाहिजे आणि काय नंतर ठरले तरी चालेल, याचा विवेक हवा. बैठकीचा रंग शेवटच्या आठवड्यात ठरला तरी चालतो, इंजिनाची जागा नाही. तारखा शेवटाकडून मागे मोजाव्यात. स्पर्धा समजा जानेवारीअखेर असेल, तर गाडी डिसेंबरच्या आरंभी स्वतःच्या चाकांवर उभी हवी, कारण पुढचे सात-आठ आठवडे ती चालवून, मोडून, दुरुस्त करण्यासाठी लागतात. जोडणीला दोन महिने, म्हणजे माल ऑक्टोबरच्या प्रारंभी हातात. बाहेरून मागवायच्या भागांना पाच-सहा आठवडे, म्हणजे मागणी ऑगस्टअखेर. त्या दिवशी आराखडा गोठविला पाहिजे; त्यानंतर कोणालाही कितीही सुंदर कल्पना सुचली तरी ती पुढच्या वर्षाच्या वहीत. दिवाळी, विद्यापीठाच्या परीक्षा आणि घरी सोयाबीनची सोंगणी, ही तिन्ही त्याच काळात येतात हे वेळापत्रकात लिहिलेले असावे. शहरी मुलांच्या वेळापत्रकात सोंगणी नसते. आपल्या मुलांच्या असते, आणि ती लाजेखातर लपविली की नेमक्या त्या आठवड्यात 'हा पळून गेला' असा शिक्का बसतो.

द्रव्याविषयी थोडे परखड लिहिणे आवश्यक आहे. अशा गाडीला लाखांत खर्च येतो. काही भाग प्रायोजक व महाविद्यालय देतात, उरलेला विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून उभा राहतो. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाला ती वर्गणी परवडत नाही, आणि शिष्यवृत्ती वेळेवर हातात पडेल याची खात्री कोणी देत नाही. संघाच्या आखणीत हा प्रश्न पहिल्या बैठकीत उघडपणे मांडला गेला पाहिजे. ज्याला पैसा देता येत नाही त्याने श्रम द्यावेत, ही तडजोड वरवर न्याय्य वाटते. पण तिच्यात एक खोच आहे. ती पुढील प्रसंगावरून कळेल.

आमचा एक माजी विद्यार्थी, त्याचे नाव व महाविद्यालय येथे देत नाही, चौथ्या इयत्तेपासून आपल्या वसतिगृहात होता. वडिलांची वेल्डिंगची टपरी, त्यामुळे हात लहानपणापासून बसलेला. महाविद्यालयाच्या संघात त्याला वर्गणी माफ झाली आणि पिंजऱ्याची बहुतेक जोडणी त्याने रात्री जागून केली. रचनेच्या परीक्षेला परीक्षक आले तेव्हा बोलण्यासाठी इंग्रजी चांगले असणारी चार मुले पुढे उभी राहिली. परीक्षकांनी मागच्या एका सांध्यावर बोट ठेवून विचारले, येथे दोन नळ्यांमध्ये ही पट्टी का दिली? चौघे एकमेकांकडे पाहू लागले. ज्याने ती दिली होती तो गाडीमागे फडके घेऊन उभा होता. चाचणीत त्या जागी तडा गेल्याचे त्यानेच पाहिले होते आणि त्यानेच ती पट्टी बसविली होती. त्या प्रश्नाचे गुण गेले. ही हकिकत त्याने आम्हांस पुढे दोन वर्षांनी वसतिगृहाच्या ओट्यावर बसून सांगितली. "तो जोड मीच मारला होता सर," तो म्हणाला, "पण मले कोनं इचारलंच नाही." तू स्वतः पुढे का झाला नाहीस, असे आम्ही विचारले. त्यावर तो काही बोलला नाही.

१९३६ साली परमपूज्य बाबासाहेबांनी जातिसंस्थेची चिकित्सा करताना दाखवून दिले, की ती केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची, आणि तीही उतरंडीची विभागणी आहे. ज्याच्या हाती हत्यार त्याच्या हाती पुस्तक नाही, आणि ज्याच्या हाती पुस्तक त्याने हत्याराला शिवायचे नाही, ही व्यवस्था या देशाच्या यंत्रविद्येलाही भोवली आहे. म्हणूनच १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणाची सोय मागितली आणि त्याबरोबरच सरकारी छापखाने व रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीची जागाही मागितली. वकिली व कारकुनीपुरते शिक्षण त्यांना पुरेसे वाटले नव्हते. यंत्रशाळेचे दार उघडले पाहिजे, हे त्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी ओळखले होते. आज दार उघडले आहे. मात्र आत गेल्यावर कोणी कोठे उभे राहायचे ही जुनी सवय पुष्कळदा टिकून असते, आणि कोणी वाईट हेतूने न वागताही टिकते.

यावर आखणीतच उपाय करता येतो. गाडीच्या प्रत्येक भागासाठी दोन नावे असावीत, आणि त्या दोघांनीही तो भाग काढला, बनविला, चालविला आणि परीक्षकांपुढे मांडला पाहिजे. हिशेब ठेवणाऱ्याने आठवड्यातून एक दिवस घासकाम करावे. वेल्डिंग करणाऱ्याने आपल्या सांध्याचे चित्र व कारण स्वतःच्या हाताने वहीत लिहावे, मराठीत लिहिले तरी चालेल. मांडणीपूर्वी त्याचे इंग्रजी करण्यास संघाने महिनाभर मदत करावी. इंग्रजी महिन्यात सुधारते, हात बसायला वर्षे लागतात. आपल्या मुलांनी संघात प्रवेश घेतानाच 'मी बोलण्याची जबाबदारीही घेईन' असे सांगावे, अशी आमची त्यांना आग्रहाची सूचना आहे. मुलींनी तर विशेषच. त्यांच्या वाट्याला अहवाल आणि सजावट येते, असे त्याच आम्हांस सांगतात.

वहीचा उल्लेख आला म्हणून एक चांगले उदाहरण नोंदवितो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा सुमारे एक किलो वजनाचा उपग्रह तयार केला आणि २२ जून २०१६ रोजी तो श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ यानाने अवकाशात गेला. त्यामागे सुमारे आठ वर्षांचे काम होते. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. म्हणजे ज्यांनी आरंभ केला त्यांतील बहुतेक जण उड्डाणाच्या कितीतरी आधी बाहेर पडलेले होते. एका तुकडीने दुसरीच्या हाती काम सोपविले, दुसरीने तिसरीच्या, तेव्हा ते वर गेले. एरवी आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघांत दरवर्षी तीच चूक नव्याने होते, कारण मागच्या तुकडीचे ज्ञान मागच्या तुकडीबरोबर नोकरीला निघून जाते.

हे सर्व वाचून झाल्यावर आमच्या शाळेने काय केले, असे कोणी विचारील. काम छोटे आहे, पण सांगतो. आपल्या शाळेच्या फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत धान्याची पोती मोठी मुले डोक्यावर नेतात. यंदा आठवी-नववीच्या मुलांनी ढकलगाडी रचायचे ठरविले आहे. तीन गट, तीन गाड्या आणि ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीदिनी, दोन पोती चढवून नेण्याची स्पर्धा. मुलांनी गवंड्याकडून पाण्याची पारदर्शक नळी आणून चढ मोजला: २४ मीटर लांबीला २ मीटर उंची. गाडी व पोती मिळून १४० किलो धरले तर चढावर सुमारे ११५ न्यूटन बल लागते, म्हणजे बारा किलो उचलण्याइतके. चाकांचे घर्षण वेगळे. हे उत्तर फळ्यावर आले तेव्हा रोज पोती वाहणारी मुले हसू लागली. तारखा आम्ही जयंतीपासून मागे मोजत आणल्या. अशोक विजयादशमीला आराखडा गोठवायचा, दिवाळीच्या सुटीआधी चाके आणायची, डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा फक्त चालवून पाहायचा.

आराखडा जवळजवळ गोठवलाच होता. तेवढ्यात आठवीतील एका मुलीने हात वर करून विचारले, "सर, चढावर मध्येच हात सुटला तर?" तिन्ही गटांच्या एकाही चित्रात ब्रेक नव्हता. नियमपुस्तिकेतील चारही चाके अडविणारे कलम आम्ही स्वतः त्यांना वाचून दाखविले होते! तो आठवडा तिन्ही चित्रे पुन्हा काढण्यात गेला आणि त्या मुलीचे नाव तिच्या गटाच्या वहीत ब्रेकपुढे लिहिले गेले. दुसरे नाव अजून रिकामे आहे. सायकलचे जुने हब व ब्रेकच्या तारा ज्या माजी विद्यार्थ्यांकडे असतील त्यांनी शाळेत पोहोचवाव्यात. आणि ज्यांना वेल्डिंग येते त्यांच्यापैकी कोणी नोव्हेंबरातले दोन रविवार देऊ शकत असेल तर आधी कळवावे, म्हणजे मुले त्या दिवशी प्रश्न तयार ठेवतील.